तूट तीन टक्क्यांत बसवण्याची रीत

सर्वप्रथम अभिनंदन. तुमचा देश शेजाऱ्यांबरोबर सामाईक चलनात जायचं म्हणतो आहे आणि सरकारी आकड्यांचं खातं तुमच्या गळ्यात पडलं आहे. आता लोक येऊन सांगतील की जबाबदारी मोठी आहे, तुमच्या आकड्यांवर विसेक देशांचं धोरण ठरणार, तुम्ही चुकलात तर व्याजदर चुकणार. ऐकून घ्या आणि चहा पाजून वाटेला लावा. सामाईक चलन ही एक मोठी भिशी असते. भिशीत प्रत्येकाला दुसऱ्याच्या कमाईची काळजी असते, आणि स्वतःच्या कमाईची चौकशी झाली की अपमान वाटतो. या दोन भावनांमध्ये जेवढी जागा उरते, तेवढ्यात तुम्हाला नोकरी करायची आहे. नवं काही शोधून काढायची गरज नाही. युरोपने सगळे प्रयोग करून ठेवलेत.

आधी नियम समजून घ्या. 1992 च्या मास्ट्रिख्ट कराराप्रमाणे युरो या सामाईक चलनात यायचं तर सरकारी तूट जीडीपीच्या (म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या) 3 टक्क्यांच्या आत आणि कर्ज 60 टक्क्यांच्या आत हवं. या 3 ला बघून हात जोडू नका. 1981 मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष मित्तेराँ यांना खर्चिक मंत्र्यांच्या तोंडावर फेकायला एक आकडा हवा होता, तो अर्थखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनी घाईघाईने काढून दिला, आणि पुढे तोच युरोपच्या बोकांडी बसला. 60 ची गोष्ट याहून सोपी. बेल्जियम आणि इटली यांचं कर्ज प्रवेशाच्या वेळी 100 टक्क्यांच्या वर होतं. तरी दोघेही आत गेले, कारण करारातच पुढे लिहिलं आहे की कर्ज पुरेसं घटत असेल आणि समाधानकारक वेगाने मर्यादेकडे सरकत असेल तर चालेल. तेव्हा करार वाचताना आकड्यांवर वेळ घालवू नका. विशेषणं वाचा.

परीक्षा एकाच वर्षाची असते, हेही ध्यानात ठेवा. पहिल्या तुकडीसाठी ते वर्ष होतं 1997. त्या वर्षी फ्रान्सने काय केलं? सरकारी टेलिफोन कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचं ओझं सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि त्याबदली कंपनीकडून 37.5 अब्ज फ्रँक रोख घेतले. रोख त्याच वर्षी जमेला, पेन्शन पुढच्या काही दशकांच्या खर्चाला. नियमात बसलं. इटलीने ‘युरोप कर’ नावाचा एकवेळचा कर वसूल केला, तूट आटोक्यात आणली, युरोत प्रवेश मिळवला आणि मग 1999 मध्ये त्यातला 60 टक्के भाग लोकांना परत केला. जर्मनीने, म्हणजे शिस्तीचं पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांनी, आपल्या मध्यवर्ती बँकेतल्या सोन्याची किंमत नव्याने लावून वाढीव रक्कम हिशेबात आणता येईल का, असं विचारून पाहिलं. त्या बँकेने, बुंडेसबँकेने, नाही म्हटलं, म्हणून ते राहिलं. मी हे का सांगतो आहे? पुढे कोणी ग्रीसकडे बोट दाखवलं तर वर्गातल्या बाकी मुलांच्या वह्या तुम्ही पाहिलेल्या असाव्यात म्हणून.

आता ग्रीस. या विषयातलं हे आपलं विद्यापीठ.

ग्रीस 2001 मध्ये युरोत आला, तो 1999 ची तूट 3 च्या आत दाखवून. 2004 मध्ये सरकार बदललं, वह्या पुन्हा उघडल्या, तेव्हा तीच तूट 3.4 निघाली. शस्त्रखरेदीचा खर्च कमी नोंदला होता, सामाजिक सुरक्षा निधीतली शिल्लक फुगवलेली होती. पण तोवर युरोच्या नोटा लोकांच्या खिशात येऊन तीन वर्षं होत आली होती, आणि आत आलेल्याला बाहेर काढायचं कलम करारात नव्हतं. म्हणून पहिला धडा: चूक कबूल करायची तर दार मागे बंद झाल्यावर करा.

कर्जाचं काम त्याहून नाजूक, ते कारागिराकडे द्यावं. ग्रीसचं काही कर्ज येन आणि डॉलरमध्ये होतं. त्या काळात युरो कमजोर, त्यामुळे युरोत मांडलं की हे कर्ज जास्त दिसायचं. 2001 मध्ये गोल्डमन सॅक्स या बँकेशी चलनांच्या अदलाबदलीचा (स्वॅप) करार झाला, आणि त्यात विनिमयाचा दर बाजारातला न धरता जुना, सोयीचा धरला. कागदावरचं कर्ज सुमारे 2.8 अब्ज युरोंनी उतरलं. बँकेने पदरचे पैसे दिले होते का? छे. ती रक्कम पुढच्या अनेक वर्षांच्या हप्त्यांत फिरून येणार होती, म्हणजे ते कर्जच होतं. फक्त तेव्हाच्या नियमांत अदलाबदलीला कर्ज म्हणत नसत. यात खोटा आकडा एकही नाही. सगळे कागद सह्याशिक्क्यांसह जागेवर. असं काम जमलं तर पुढेमागे तुम्हालाही बँकेत नोकरी मिळायला हरकत नाही.

तूट कमी होत नसेल तर जीडीपी मोठा करा. टक्केवारीला काय, वरचा आकडा उतरला काय आणि खालचा चढला काय, सारखंच. 2006 मध्ये ग्रीसने जाहीर केलं की आपला जीडीपी आजवर समजत होतो त्यापेक्षा 25 टक्क्यांनी मोठा आहे, काळ्या बाजारातली उलाढाल धरायची राहूनच गेली होती. युरोस्टॅटने, म्हणजे लक्झेंबर्गमधल्या सामाईक सांख्यिकी कार्यालयाने, तपासून 9.6 टक्के मान्य केले. (घासाघीस करायची तर पहिला भाव असाच सांगावा.) मात्र इथे जरा जपून. युरोपीय संघाची वर्गणीही राष्ट्रीय उत्पन्नावरच ठरते, युरो वापरा की न वापरा. 2014 मध्ये ब्रिटनचं उत्पन्न फेरमोजणीत जास्त भरलं, तर ब्रुसेल्सहून 2.1 अब्ज युरोंचं जादा बिल आलं आणि पंतप्रधान कॅमेरून यांचा पारा चढला. आयर्लंडची तर वेगळीच पंचाईत. 2016 च्या जुलैत त्यांनी आदल्या वर्षीची वाढ 26.3 टक्के जाहीर केली. वर्षभरात देशाने एवढं काय पिकवलं? काही नाही. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी पेटंटसारखी कागदी मालमत्ता आयर्लंडच्या पत्त्यावर आणून ठेवली होती, आणि कोणत्या कंपनीने ते सांगायला गोपनीयतेचा कायदा आडवा. गंमत म्हणजे हा आकडा नियमाप्रमाणे बरोबर होता. शेवटी बिचाऱ्यांनी स्वतःच्या वापरासाठी एक वेगळा, लहान आकडा काढायला सुरुवात केली. स्वतःहून आकडा लहान करणारा देश मी दुसरा पाहिला नाही. त्यांच्या नादी लागू नका.

तपासनीसांची धास्ती घेऊ नका. तूट आणि कर्ज वर्षातून दोनदा कळवायचं, 1 एप्रिलच्या आत आणि 1 ऑक्टोबरच्या आत. पहिली तारीख कोणी निवडली त्याला माझा नमस्कार. ग्रीसचं 2004 चं प्रकरण झाल्यावर युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने म्हटलं, आम्हाला देशोदेशी जाऊन हिशेब तपासायचा अधिकार द्या. सदस्य देशांनी एकमुखाने सामाईक विश्वासाचं महत्त्व सांगितलं आणि अधिकार दिला नाही. मग युरोस्टॅटकडे उरलं काय, तर तळटीप. आकड्याखाली बारीक अक्षरात ‘याबद्दल आमच्या शंका आहेत’ असं छापायचं. ग्रीसच्या आकड्यांखाली अशी टीप वारंवार आली. बाजाराने ती वाचली नाही, कारण बाजार चष्मा लावून वाचतो तो फक्त संकटानंतर.

आणि संकट येतंच. 2009 च्या वसंतात ग्रीसने त्या वर्षीची तूट 3.7 टक्के राहील असं कळवलं होतं. 4 ऑक्टोबरला निवडणूक झाली. 21 ऑक्टोबरला नव्या सरकारने कळवलं, 12.5. पुढच्या एप्रिलमध्ये युरोस्टॅटने 13.6 छापले, अर्थात तळटिपेसह. मे 2010 मध्ये 110 अब्ज युरोंचं मदतीचं गाठोडं आलं, त्याबरोबर पेन्शनकपात, पगारकपात आणि रस्त्यावरचे मोर्चे आले. त्यानंतर वरातीमागून घोडे निघाले: युरोस्टॅटला तपासणीचे अधिकार मिळाले आणि आकड्यांत लबाडी केली तर जीडीपीच्या 0.2 टक्क्यांपर्यंत दंड ठरला. पहिला दंड 2015 मध्ये स्पेनला झाला, वॅलेन्सिया प्रांताने आरोग्यखर्च दडवला म्हणून, 1 कोटी 89 लाख युरो. भरला कोणी? करदात्याने. म्हणजे यातही तुमच्या खिशाला धक्का नाही.

इथवर सगळं सुरक्षित आहे. या धंद्यात जोखीम एकाच कामात आहे, आणि ते म्हणजे बरोबर मोजणं.

आंद्रेआस जॉर्जियू यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. दोन दशकं आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत काढलेला माणूस. ग्रीसने 2010 मध्ये अर्थखात्यापासून वेगळी अशी एल्स्टॅट ही नवी सांख्यिकी संस्था काढली आणि ऑगस्टमध्ये हे तिचे प्रमुख झाले. नोव्हेंबरमध्ये त्यांनी 2009 ची तूट कळवली, 15.4 टक्के. युरोस्टॅटने ती छापली, आणि कित्येक वर्षांनी ग्रीसच्या आकड्याखाली शंकेची तळटीप नव्हती. इथेच माणूस फसला. आरोप झाला की त्यांनी मुद्दाम तूट फुगवली, देशाला कपातीच्या खाईत लोटलं, आणि 171 अब्ज युरोंचं नुकसान केलं. मदतीचं गाठोडं ते खुर्चीत बसायच्या तीन महिने आधीच येऊन पडलं होतं, पण असल्या तपशिलाने कुठे कोणाची बाजू लंगडी पडते? 2013 मध्ये गुन्हा दाखल झाला. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकेल असा. खाली सुटका व्हायची, वर फाइल पुन्हा उघडायची, असं काही वर्षं चाललं. तो आरोप टिकला नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर सुळीही नियमात बसवावी लागते, म्हणून दुसरा आरोप पकडला: 15.4 हा आकडा लक्झेंबर्गला पाठवण्याआधी त्यांनी संस्थेच्या सात जणांच्या मंडळापुढे मताला टाकला नाही. पद्धत ठरवायचा अधिकार फक्त संस्थेच्या प्रमुखाचा, असं सांख्यिकीची युरोपीय आचारसंहिता 2005 पासून सांगते. तरी 2017 मध्ये त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली, आणि 2018 मध्ये ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. 2023 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने म्हटलं की न्याय्य सुनावणीच्या त्यांच्या हक्काचा भंग झाला. तोवर ते अमेरिकेत होते.

तेव्हा तुम्ही असं करा. सभा बोलवा. सातही सदस्यांपुढे चहा-बिस्किटं ठेवा आणि विचारा, पंधरा पूर्णांक चारच्या बाजूने कोण? एकजण तेरावर अडून बसेल. दुसरा म्हणेल, निवडणूक तोंडावर आहे, बारा करा, मी हात वर करतो. तिसऱ्याला दशांश चिन्ह मान्य नसेल. दुपारपर्यंत जो आकडा बहुमताने ठरेल तो देशाची तूट. इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या घ्या. आकडा चुकला तरी सभा चुकलेली नसते. (आपल्याकडचे दाखले मी इथे देत नाही. लेख युरोपबद्दल आहे.)

राहता राहिला तुमच्या आधीच्यांचा विषय. त्यांच्या आकड्यांबद्दल चार शब्द बोलायचा मोह होईल. जॉर्जियूंनाही झाला. जुन्या आकड्यांतल्या गडबडीबद्दल ते जाहीरपणे बोलले, तेव्हा संस्थेतल्या एका माजी अधिकाऱ्याने बदनामीचा दावा लावला आणि तो जिंकला. ‘साधी बदनामी’ हा तेव्हा तिथल्या कायद्यातला असा प्रकार होता की विधान खरं असलं तरी ती व्हायची. भरपाई द्या आणि माफी छापा, असा आदेश निघाला. म्हणून पत्रकाराने विचारलंच की आधीचे आकडे कसे होते, तर तेव्हाच्या पद्धतीनुसार योग्य होते असं म्हणा, पंख्याकडे बघा आणि शिपायाला पाणी आणायला सांगा.