पोर्शेवाला कोण असतो?

जर्मनीत, स्टुटगार्टला, आमच्या इमारतीमागे गॅरेजांची रांग आहे. दरवर्षी 1 एप्रिलला सकाळी त्यातल्या तिसऱ्या गॅरेजचं दार वर जातं आणि तळमजल्यावरचे शेजारी आपली गाडी बाहेर काढतात. पोर्शे 911, 1988ची. नंबरप्लेटच्या कडेला 04 आणि 10 हे आकडे एकाखाली एक आहेत. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर एवढेच महिने ती रस्त्यावर आणता येते. कर आणि विमाही तेवढ्यापुरताच. शिवाय गाडीला तीस वर्षं होऊन गेली आणि ती मूळ रूपात जपलेली आहे, म्हणून नंबराच्या शेवटी एक 'एच' आहे. तो मिळवायला तपासनीसासमोर गाडी उभी करावी लागते.

गाडीचं तेल पाहण्याची त्यांची पद्धत मी अनेकदा बघितली आहे. हे इंजिन पाण्याने थंड होत नाही, हवेने आणि तेलाने होतं. त्यामुळे ऑइल लेव्हल बघायची ती इंजिन पुरतं तापल्यावर, ते चालू ठेवून, सपाट जागेवर. थंड गाडीची डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, काढली तर ती खोटं सांगते. म्हणून ते आधी सावकाश मोठी चक्कर मारून येतात. तेल तापेपर्यंत इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर फिरवायचं नाही, हा नियम. मग अंगणात गाडी उभी करून डिपस्टिक पुसतात, बुडवतात, उजेडात धरून बघतात.

हे शेजारी घरोघरी हीटिंग आणि नळाची कामं करतात. आपल्या भाषेत प्लंबर.

मी स्टुटगार्टमध्ये राहते त्याला चौदा वर्षं होतील. पोर्शेचा कारखाना 1950पासून ज्या त्सुफनहाउझेनमध्ये आहे, ते आमच्या घरापासून ट्रामने दहा मिनिटांवर. त्यामुळे 19 मे 2024च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडलं, त्याची चर्चा आमच्या नाशिकच्या घरच्या ग्रुपवर सुरू झाली तेव्हा सगळ्यांनी मलाच विचारलं, तुमच्याकडची गाडी आहे ना ती? सतरा वर्षांचा मुलगा, बिल्डरचं घर, दोन-अडीच कोटींची इलेक्ट्रिक पोर्शे, आणि तिच्या धडकेत गेलेले दोन तरुण इंजिनिअर. काही तासांत जामीन, आणि त्याच्या अटींमध्ये रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. गाडीची नोंदणीसुद्धा पूर्ण झालेली नव्हती, 1,758 रुपयांचं शुल्क भरायचं राहिलं होतं, ही बातमी वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून राहिले. मेहुण्यांचं म्हणणं, असल्या गाड्यांवर बंदीच हवी. मावशीने एका ओळीत संपवलं: बापाचा पैसा.

तेव्हापासून आपल्याकडे 'पोर्शेवाला' या शब्दाला एक चेहरा चिकटला आहे. तो राग खरा आहे आणि माझाही आहे. पण इथे मी ज्या पोर्शेवाल्यांना ओळखते, त्यांची आयुष्यं त्या चेहऱ्याशी कुठेच जुळत नाहीत, आणि ती का जुळत नाहीत हे मला सांगावंसं वाटतं. कारण माझ्या मते आपण भांडतो आहोत गाडीवर, आणि प्रश्न आहे चावी कोणत्या वाटेने हातात येते याचा.

आधी रस्त्याचं बोलू. नाशिकमध्ये मी नऊ वर्षं गाडी चालवली होती. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यावर सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्या वेळी मी नापास झाले. उजवीकडे वळताना आरशात बघितलं, पण मान वळवून खांद्यामागे बघितलं नाही. तिथे सायकलवाला असू शकला असता. परीक्षक शांतपणे म्हणाले, आज नाही. मला फार अपमान वाटला होता. आज वाटतं, त्या माणसाने माझ्यावर उपकार केले. नव्याने शिकणाऱ्याला ठरलेले बारा विशेष तास घ्यावे लागत: शहराबाहेरच्या रस्त्यावर पाच, आउटोबानवर म्हणजे द्रुतगती महामार्गावर चार, अंधारात तीन. सगळा खर्च सहज तीन हजार युरोंच्या घरात जातो. सतराव्या वर्षी परीक्षा पास झालेलं पोरगं शेजारी अनुभवी मोठं माणूस बसल्याशिवाय गाडी हलवू शकत नाही. लायसन्स मिळाल्यावर पहिली दोन वर्षं परीक्षेचीच, आणि त्या काळात दारूचा थेंबही चालत नाही.

तरी इथे सगळे शहाणे आहेत असं समजू नका. फेब्रुवारी 2016मध्ये बर्लिनच्या भर बाजारपेठेत, कुरफ्युर्स्टेनडामवर, दोघांनी रात्री शर्यत लावली आणि 69 वर्षांच्या एका माणसाचा जीव घेतला. देश हादरला. ऑक्टोबर 2017मध्ये रस्त्यावर बेकायदा शर्यत लावणं हाच स्वतंत्र फौजदारी गुन्हा झाला, आणि धडक देणाऱ्या चालकाची खुनाची शिक्षा 2020मध्ये सर्वोच्च पातळीवर कायम झाली. मधे खटला उलटला, पुन्हा चालला, पण मधेच विरला नाही. आपल्याकडेही कायदा आहे. 2019च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कल्याणीनगरच्या आधी हे कलम माहीत असलेला माणूस मला आमच्या ग्रुपवर सापडला नाही. गावातल्या गल्लीत बारा-तेरा वर्षांचं पोर स्कूटर फिरवतं तेव्हा आपणच कौतुकाने फोटो काढतो, हेही मला विसरता येत नाही.

आता शेजाऱ्यांची गोष्ट. सोळाव्या वर्षी ते एका हीटिंगवाल्याकडे शिकाऊ म्हणून लागले. आठवड्यातले काही दिवस काम, काही दिवस शाळा, आणि पहिल्या महिन्यापासून हातात पैसे. आज अशा शिकाऊ मुलाला साधारण हजार युरो महिना मिळतो. साडेतीन वर्षांनी कारागिराची परीक्षा, एकोणतिसाव्या वर्षी माइस्टर. माइस्टर म्हणजे स्वतःचा धंदा काढायची आणि दुसऱ्याला शिकवायची पात्रता. जर्मनीच्या पात्रता चौकटीत 2012पासून तिची पायरी पदवीच्या बरोबरीची आहे. कारखान्यात इंजिनिअर माइस्टरशी बोलताना आवाज चढवत नाही. मी रोज बघते.

चोविसाव्या वर्षी त्यांनी पहिली पोर्शे घेतली होती, तिसऱ्या हातची 924. धंदा सुरू केल्यावर तिसऱ्या वर्षी एका मोठ्या गिऱ्हाइकाने बिल थकवलं. डिसेंबर होता आणि तीन माणसांचे पगार द्यायचे होते. त्यांनी गाडी विकली. मला हे सांगताना त्यांनी आवंढा वगैरे गिळला नाही. पगार द्यायचेच होते, एवढंच म्हणाले. पुढची दहा वर्षं फक्त कामाची व्हॅन. 2006मध्ये ही 911 घेतली, तेव्हा ती अठरा वर्षं जुनी होती आणि साधारण नव्या फोक्सवॅगन गोल्फ गाडीच्या किमतीत मिळाली. तोवर ते 43 वर्षांचे झाले होते.

अशा कहाण्या इथे दुर्मीळ नाहीत. इस्पितळात वॉर्ड सांभाळणाऱ्या एक बाई मला कारखान्याजवळच्या म्युझियमच्या आवारात भेटल्या. पन्नाशीत, मुलं घराबाहेर पडल्यावर, त्यांनी पोर्शेचीच जुनी बॉक्स्टर घेतली. रात्रपाळीचा भत्ता त्या वेगळ्या खात्यात टाकत होत्या, अकरा वर्षं. अशी गाडी दहा-पंधरा हजार युरोंत मिळते, म्हणूनच हे शक्य होतं. आपल्याकडे पूर्ण बांधून आलेल्या महाग गाडीवर वर्षानुवर्षं शंभर टक्क्यांहून जास्त आयातशुल्क होतं, आणि तीन वर्षांपेक्षा जुनी गाडी, काही अपवाद सोडले तर, बाहेरून आणताच येत नाही. मग ती नर्सबाईंच्या हाती लागणार कशी? ज्याच्याकडे कोटी आहेत त्याच्याच दारात ती येते, आणि मग आपण म्हणतो की अशी गाडी फक्त अशाच लोकांकडे असते. आणि कारखान्याचंच घ्या. अनाथाश्रमात वाढलेले, रंगारी म्हणून शिकलेले उवे ह्यूक 1985मध्ये पोर्शेत लागले आणि पुढे कामगार मंडळाचे अध्यक्ष व कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळाचे उपाध्यक्ष झाले.

तिसरे एक गृहस्थ डेंटिंग-पेंटिंगचं वर्कशॉप चालवतात. जर्मनी आणि तुर्कस्तानमध्ये 1961मध्ये मजुरांसाठी करार झाला, त्यातून त्यांचे वडील इथे ओतशाळेत कामाला आले. मुलाने रंगकाम शिकलं, वर्कशॉप काढलं, 911 घेतली. त्यांना पोलीस महिन्या-दोन महिन्यांनी थांबवतात आणि विचारतात, गाडी कोणाची? माझ्या शेजाऱ्यांना वीस वर्षांत एकदाही कोणी विचारलेलं नाही. पुण्यात ज्याला विचारायला हवं होतं त्याला कोणी विचारलं नाही, आणि इथे नको त्याला सारखं विचारतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण परदेशातून लिहिताना इथली खोट झाकायची सवय लागते.

खोट आणखीही आहे. इथे चौथीनंतर, दहाव्या वर्षी, मुलं वेगवेगळ्या शाळांमध्ये वाटली जातात, आणि घरी जर्मन न बोलणारी मुलं त्यात मागे पडतात. माझ्या मुलीच्या वेळी ते वर्ष मी फार काळजीत काढलं. वारसाने आलेली श्रीमंती इथेही भरपूर आहे. आणि ज्या धंद्यावर हे शहर उभं आहे तो आता डगमगतो आहे: 2029पर्यंत त्सुफनहाउझेनचा कारखाना आणि वाइसाखचं विकास केंद्र मिळून सुमारे 1,900 जागा कमी करण्याचं पोर्शेने 2025च्या सुरुवातीला जाहीर केलं. मी ज्या कंपनीत गाड्यांच्या चाचण्या करते तिथेही बाकं रिकामी होत आहेत.

तरी एक गोष्ट मला इथून स्वच्छ दिसते. या देशात गाडी दुरुस्त करणारा आणि गाडीचा मालक हा एकच माणूस असू शकतो. आपल्याकडे गाडीखाली झोपलेला वेगळा आणि सीटवर बसलेला वेगळा, आणि वरचा खालच्याला 'ए' म्हणून हाक मारतो.

फेब्रुवारी 2024मध्ये महाराष्ट्र सरकारने आमच्याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात 10 हजार तरुणांचं बोलणं झालं. इलेक्ट्रिशियन, नर्स, प्लंबर, ड्रायव्हर. घरच्या ग्रुपवर टाळ्या वाजल्या. त्याच ग्रुपवर वर्षभराने माझ्या भाच्याचा विषय निघाला. दहावीला 71 टक्के, आणि म्हणतो आयटीआयला मोटर मेकॅनिकला जायचं. ताई रडली. मेहुणे म्हणाले, आयुष्यभर पाना घेऊन बसणार का? जर्मनीत जाऊन नळ जोडले तर पेढे, नाशिकच्या सातपूरमध्ये जोडले तर नाक मुरडायचं, हे मला पटत नाही. जो समाज आपल्या फिटरला घरात खुर्ची देत नाही, तो त्याला भाषा शिकवून परदेशी पाठवतो तेव्हा त्यात त्या मुलाचा मान कुठे असतो?

आणि हे मी बोलते, जिचे बाबा स्वतः आयटीआयचे. सातपूरला मायकोमध्ये, म्हणजे आताच्या बॉशमध्ये, त्यांनी डिझेल इंजिनाचे नोझल बनवण्यात उमेदीची वर्षं घालवली. मायक्रॉनमध्ये मोजायचं काम. ते मला म्हणायचे, तू मशीनपाशी उभी राहायचं नाहीस, केबिनमध्ये बसायचंस. मी केबिनमध्ये बसले.

गेल्या जूनमध्ये ते इथे आले होते. शेजाऱ्यांनी त्यांना गाडी बघायला बोलावलं आणि मागचं, इंजिनावरचं झाकण उघडलं. बाबांना जर्मन येत नाही, शेजाऱ्यांना इंग्रजी बेताचं. बाबा दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकले. ती त्यांची जुनी सवय आहे. फिनिश केलेल्या भागाला उघडं बोट लावायचं नाही, घामाने गंज धरतो. इंजेक्शनच्या भागावर बॉशचं नाव दिसलं तेव्हा त्यांनी मला खुणेने दाखवलं, आणि शेजाऱ्यांनी ते बघून आपल्या हाताने त्यांचा हात धरून तिथे टेकवला. मग दोघं बराच वेळ बोटांनी बोलत होते: अंतर, फट, घासणं, पुन्हा घासणं.

निघताना बाबा मला म्हणाले, "यांना एक विचार. यांच्या वडिलांनी यांना अडवलं नाही का?"

मी विचारलं. शेजारी म्हणाले, वडील छपरं घालायचे. कामाला लागलो त्या दिवशी त्यांनीच पान्यांचा पहिला सेट आणून दिला. तो अजून गॅरेजमध्ये आहे. त्यांनी खोका काढून दाखवला.

बाबा काहीच बोलले नाहीत. इंजिन अजून चालू होतं. त्यांनी खिशातला रुमाल काढला, डिपस्टिक ओढली, पुसली, पुन्हा बुडवली आणि उजेडात धरून बघितली.