‘फॉन्ट बदला म्हणजे झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

जपानी-रोमन मजकुराचे कॉलम सरळ ठेवायचे तर अक्षराची रुंदी सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून ठरवायला हवी, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्याखाली एका वाचकांनी लांबलचक आणि चांगलीच खरमरीत प्रतिक्रिया दिली आहे. तिचा गोषवारा असा: कोड लिहायच्या एडिटरमध्ये जपानी आणि रोमन अक्षरं शेजारी आली की कॉलम वाकडे होतात, हा सगळा फॉन्टचा दोष, चांगला मोनोस्पेस (सगळ्या अक्षरांना ठरलेली रुंदी देणारा) फॉन्ट टाका, विषय संपला. दुसरं, कांजीला (जपानीतल्या चिनी वळणाच्या अक्षरांना) दोन घरं, म्हणजे दोन कॉलमची जागा, आणि रोमनला एक, हा हिशोब टाइपरायटरच्या जमान्यातला आहे, आणि खुद्द युनिकोड हे अक्षरांचं जागतिक मानकच सांगतं की त्यातली अक्षरांच्या रुंदीची यादी टर्मिनलसाठी (नुसत्या मजकुराच्या कमांड-खिडकीसाठी) नाही. तिसरा मुद्दा जरा झोंबणारा: ‘नवी मुंबईत बसून जपान्यांचे कॉलम सरळ करताय, मराठीचं काय? देवनागरीलाही दोनास एकमध्ये बसवा.’ जाता जाता व्हिम या एडिटरच्या एका सेटिंगबद्दलही विचारलं आहे. एवढं सगळं कमेंटच्या चौकटीत मावणार नाही, म्हणून इथे.

आधी फॉन्ट. कुरिअर न्यूमध्ये प्रत्येक रोमन अक्षराची रुंदी ०.६ एम असते, कन्सोलासमध्ये साधारण ०.५५. (एम म्हणजे फॉन्टच्या आकाराइतकी रुंदी, १५ पिक्सेलचा फॉन्ट असेल तर १५ पिक्सेल.) या दोन्हींत कांजी नाहीतच. ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणली जातात आणि तिथे प्रत्येक कांजी अक्षर बरोबर १ एमचं असतं. आता वीस रोमन अक्षरांची एक ओळ घ्या आणि तिच्याखाली दहा कांजींची. रुंदी मोजणारा प्रोग्रॅम म्हणतो दोन्ही वीस कॉलमच्या. पडद्यावर मात्र वरची १२ एम आणि खालची १० एम. खालच्या ओळीच्या शेवटची उभी रेघ तीन-सव्वातीन अक्षरं डावीकडे घसरते.

तुम्ही म्हणता तो चांगला फॉन्ट म्हणजे एमएस गॉथिक किंवा नोटो सान्स मोनो सीजेके, ज्यात रोमन अक्षर नेमकं अर्धा एम असतं. टाका, कॉलम जुळतील. पण रोमन अक्षरं अंग चोरून उभी राहिल्यासारखी दिसतात, आणि दिवसभर इंग्रजी कोड वाचणारा माणूस चार दिवसांत जुन्या फॉन्टवर परत जातो. म्हणून काही जण उलटं करतात: रोमन फॉन्ट आवडीचा ठेवतात आणि कांजी १.२ पटीने फुगवतात. ईमॅक्स या एडिटरमध्ये तशी सोय आहे. १५ पिक्सेलला हे चपखल बसतं, रोमन ९ आणि कांजी १८. १४ पिक्सेलला रोमन ८.४ होतं, एडिटर ते ८ धरतो, कांजी १६.८, म्हणजे १७. हवे होते १६. दर कांजीमागे एक पिक्सेल जास्त, आठ कांजी झाली की आख्खा एक कॉलम पुढे.

महापेच्या आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर हे डोळ्यांदेखत घडलं. सकाळी सरळ दिसणारा लॉग दुपारी नागमोडी. मधे फक्त चष्मा घरी विसरलेल्या सहकारी मुलीने अक्षर एका पायरीने मोठं केलं होतं. ‘पण फॉन्ट तोच आहे ना,’ ती म्हणाली. तोच होता.

आणि फॉन्ट कितीही गुणी असला तरी रकान्यात किती स्पेस भरायच्या हे तो ठरवत नाही. ते फाइल लिहिणारा प्रोग्रॅम ठरवतो, आणि त्याला फॉन्ट दिसतही नाही. पंगतीत पानं मांडणारा एक आणि माणसं मोजणारा दुसरा असला, तर दोघांचा आकडा आधी जुळायला हवा. नुसती पानं मोठी आणून भागत नाही. माझं म्हणणं मागच्या लेखातही एवढंच होतं: रुंदी हा लिहिणारा प्रोग्रॅम, एडिटर आणि टर्मिनल यांच्यातला करार आहे. फॉन्टने तो पाळायचा असतो.

दोनास एक हे प्रमाण टाइपरायटरमधून आलेलं नाही. जपानमध्ये १९६९च्या जेआयएस या राष्ट्रीय मानकात एका बाइटमध्ये रोमन अक्षरं आणि अर्ध्या रुंदीची काताकाना ही जपानी लिपी बसवली. १९७८च्या मानकात कांजींना दोन बाइट मिळाले. पुढे शिफ्ट-जेआयएस या संकेतपद्धतीत दोन्ही एकाच फाइलमध्ये नांदू लागली. पीसी-९८०१सारख्या त्या काळच्या जपानी संगणकाच्या पडद्यावर ८० कॉलम, रोमन अक्षर ८ बाय १६ ठिपक्यांचं, कांजी १६ बाय १६. म्हणजे एक बाइट एक घर, दोन बाइट दोन घरं. बाइट मोजले की रुंदी कळायची, वेगळी यादी लागतच नव्हती. युनिकोड साठवायची यूटीएफ-८ पद्धत आली आणि हा सोयरसंबंध तुटला: कांजी तीन बाइट आणि दोन घरं, आपला ‘क’ तीन बाइट आणि एक घर, त्यावरचा अनुस्वार तीन बाइट आणि शून्य घरं.

मग यादी लागली. युनिकोडच्या अकराव्या पुरवणीत प्रत्येक अक्षराला रुंद, अरुंद, तटस्थ असा शिक्का आहे. तुम्ही सांगितलेलं वाक्य तिथे आहेच, पण पुरतं वाचा: परिस्थितीनुसार फेरफार न करता आधुनिक टर्मिनलमध्ये वापरू नये, असं ते आहे. वापरूच नका असं नाही. फेरफाराची गरज पडते ती मुख्यतः ‘संदिग्ध’ शिक्क्यामुळे. वर्तुळातला १, अंशाचं चिन्ह, गुणिले, ग्रीक अल्फा, रशियन अक्षरं ही सगळी संदिग्ध. जुन्या जपानी फायलींत दोन घरांची, इतरत्र एका घराची. गंमत म्हणजे तक्त्याच्या चौकटी आखायच्या रेघाही त्याच यादीत. ज्या रेघांनी कॉलम सरळ आहेत की नाही ते पाहायचं, त्यांचीच रुंदी ठरलेली नाही!

आता मराठी. हा प्रश्न रास्त आहे, आणि मी आधी जपानी का घेतलं याचं कारणही त्यातच आहे. कांजी एकेकटी राहतात. शेजारी कोण आलं म्हणून आकार बदलत नाहीत, त्यामुळे यादीवर काम भागतं. देवनागरीत भागत नाही.

ठाणे–वाशी गाडीची दोन स्टेशनं घ्या, घणसोली आणि तुर्भे. दोन्हींत सहा-सहा कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), अठरा-अठरा बाइट. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेला बारा घरांपर्यंत स्पेस भरायला सांगितल्या तर तो दोघांनाही सहा-सहा देतो. पडद्यावर घणसोली तुर्भेच्या दुपटीहून लांब! टर्मिनलमध्ये वापरतात ती रुंदीची पद्धत थोडी शहाणी आहे; उकार, मात्रा आणि हलन्ताला ती शून्य धरते, काना आणि वेलांटीला एक. तिच्या हिशोबाने घणसोली सहा घरं, तुर्भे तीन. पण तुर्भेतला र रफार होऊन भच्या डोक्यावर जातो, त्याला जागाच लागत नाही. अक्षरं दिसतात दोन, घरं तीन. टर्मिनलने तिसरं घर पाळलं तर उभी रेघ जागेवर राहते, पण शब्दाला भगदाड पडतं आणि शिरोरेषा तुटते. काही टर्मिनलांत रफार चढतच नाही, र् आणि भे सुटे उभे राहतात. एडिटरने खरी रुंदी पाळली तर शब्द देखणा दिसतो आणि रेघ सरकते.

म्हणून ‘देवनागरीलाही दोनास एकमध्ये बसवा’ या तुमच्या सूचनेला माझा साफ विरोध आहे. आपलं एकक कोडपॉइंट नव्हे, जोडाक्षर आणि त्याच्या मात्रा धरून आख्खं अक्षर. ते आधी जुळवायचं, मग मोजायचं, मग वरच्या पूर्ण घरापर्यंत न्यायचं आणि उरलेल्या जागेत शिरोरेषा लांबवायची. युनिकोडने २०२३च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरणारा नियम आणला, त्यामुळे ‘क्ष’ कुठे तोडायचा नाही हे तरी आता मानकात आहे. त्याला घरं किती द्यायची, हे मात्र प्रत्येक टर्मिनल आपापल्या मनाने ठरवतं. इथे तो करारच नाही.

तोवर मराठी तक्त्यात मी स्पेस भरतच नाही. रकान्यांमध्ये टॅब टाकतो आणि फाइल कॅल्क या स्प्रेडशीटमध्ये उघडतो. दिसायला ओबडधोबड, पण कोणाच्याही मशिनवर तुर्भे तुर्भेच दिसतं.

राहिला व्हिमचा प्रश्न, ‘ॲम्बिविड्थ’ (संदिग्ध अक्षरांची रुंदी ठरवणारं सेटिंग) डबल ठेवायचं का. मुळात ते सिंगल असतं. फायली जुन्या जपानी यंत्रणेतून येत असतील आणि तुमचं टर्मिनलही संदिग्ध अक्षरांना दोन घरं देत असेल, तरच डबल करा. एकट्या व्हिममध्ये बदललंत आणि टर्मिनल तसंच राहिलं, तर कर्सर एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे पुसलं जाईल. आधी टर्मिनलचं सेटिंग, मग व्हिमचं.