भडंगाची ओळ खोडली आहे (एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रविवारी सकाळी वाचली आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला बसले. पण रागात लिहिलेलं पत्र त्याच दिवशी पेटीत टाकू नये असं आमचे वडील म्हणायचे, म्हणून तीन दिवस जाऊ दिले. बरं झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा वाचली तेव्हा तुमचे दोन मुद्दे मला सरळ पटले आणि एक निम्मा पटला. नाव तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे नुसतं 'तुम्ही' म्हणते.

ज्यांनी मागचं काही वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पावसाळ्याआधी घरात पंधरा दिवसांचं खाणं आणि पाणी कसं साठवावं यावर मी एक यादी दिली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं : पुरात पाणी साठवायला सांगणं हा विनोद आहे, हे अमेरिकेतलं भय आहे, मराठीत आणून पेरलेलं, ही शुद्ध साठेबाजी आहे, दोन खोल्यांत राहणाऱ्यांनी हे सगळं कुठे ठेवायचं, आणि पुरात साठाच बुडतो, तर साठवायचं कशाला.

विनोदापासून सुरुवात करते, कारण तो आमच्यावर झालेला आहे.

आमचं घर सांगलीत, गावभागात. खाली दोन खोल्या, वर दोन, त्यावर गच्ची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ साली ५३ फुटांच्या वर गेलं होतं, तोच आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला, त्यामुळे 'तेव्हा चौथ्या पायरीला थांबलं होतं, आताही थांबेल' असा हिशेब गल्लीतल्या प्रत्येकाने केला. पायरी चुकली. गल्लीत पाणी आलं त्या संध्याकाळी आम्ही जिना चढ-उतर करून टीव्ही वर नेला, गाद्या नेल्या, कागदपत्रांची पेटी नेली, सासूबाईंचे देव नेले. इस्त्रीसुद्धा नेली. प्यायचं पाणी कोणी नेलं नाही. चौघांच्या मनात आलं नाही की खिडकीतून दिसतंय ते सगळं पाणीच आहे, आणि त्यातलं एक भांडंही पिता येणार नाही.

हौद खाली होता, त्यात पुराचं पाणी गेलं. पाणी शुद्ध करायचं यंत्र विजेवरचं, आणि वीज गेलेली. नळ बंद. गच्चीवरची टाकी पाचशे लिटरची, निम्मी भरलेली. त्या निम्म्या टाकीचं काय केलं सांगू? दोन दिवसांत संडासात ओतली. सवयीने. साखळी ओढावी तसं. तिसऱ्या दिवशी तोटी फुरफुरली तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघितलं.

मग पागोळीखाली पातेली लावली. पन्हाळीतून येणारं पहिलं पाणी काळपट, त्यात कबुतरांची घाण, ते फेकायचं. नंतरचं फडक्यातून गाळायचं, खळखळून उकळी आली की पुढे मिनिटभर तसंच उकळू द्यायचं. शेजारच्या गच्चीवरचे काका पुराच्याच पाण्यात तुरटी फिरवून 'बघा, काचेसारखं झालं' असं ओरडून सांगत होते. झालं होतं खरं काचेसारखं. पण तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. पुराच्या पाण्यात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, कोणाच्या तरी गोदामातली खतं-औषधं असतात. उकळून जंतू मरतील, औषध कुठे जाणार? चौथ्या दिवशी बोट घेऊन आलेल्या पोरांनी दोरीला बांधून बाटल्या वर दिल्या तेव्हा सासूबाई रडल्या. त्या कधी रडत नाहीत.

याच्या तीन वर्षं आधी, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, पाच लाख लिटर. ते आमच्याच कृष्णेचं. तेव्हा आम्हाला केवढा अभिमान वाटला होता! दुष्काळात आम्ही दुसऱ्यांना पाणी पाजलं आणि पुरात आमच्याच घशाला कोरड. कोल्हापुरातही त्याच आठवड्यात तेच झालं. उपसा केंद्रंच बुडाली, मग नळाला येणार काय? म्हणून माझ्या यादीत पाणी पहिलं आहे. विनोद वाटला तर वाटू दे.

अमेरिकेचं म्हणाल तर तिथे डोंगरात तळघरं बांधून बंदुका नि डबे भरून बसणारी माणसं आहेत, त्यांचं मला काही घेणं नाही. पण बेगमी हा शब्द तिथून आला का? चैत्र-वैशाखात सांडगे, पापड, कुरडया घालायच्या, गव्हाला एरंडेल चोळायचं, डाळीत बिब्बे घालायचे, कडधान्याला राख लावायची, हे आमच्या आज्यांनी कोणाचं बघून केलं? हरिपूर इथून हाकेच्या अंतरावर. तिथे हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे. अरुंद तोंडाचा खोल खड्डा, वरून बंद केला की आत हवा नाही, म्हणून कीड नाही. पेव उघडलं की कोणी लगेच आत उतरत नसे. बराच वेळ वारा लागू द्यायचा, मग दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल. साठवणीचं एवढं शास्त्र ज्या गावाला ठाऊक, त्याला भय पेरायला परदेशातून कोणी यायला नको.

आणि हो, त्याच पेवांत २००५ च्या पुराचं पाणी शिरलं आणि हळद गेली. हे तुम्ही लिहिलं नव्हतं, मीच तुमच्या हातात देते, कारण 'साठाच बुडतो' हा तुमचा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला.

तो खरा आहे. मूळ लेखात मी लिहायचं टाळलं ते आता लिहिते. आमच्या खालच्या खोलीत पत्र्याची कोठी होती, मे महिन्यात भरलेली, दोन क्विंटल गहू. वर्षाचा. दोन क्विंटल ऐनवेळी जिन्यावरून कोण नेणार? नेले नाहीत. पाणी ओसरल्यावर खाली गेलो तर दार उघडायच्या आधी वास आला, आंबलेल्या पिठासारखा पण त्याहून जड. गहू फुगून कोठीचं झाकण वर उचललं गेलं होतं. कडेच्या गव्हाला मोड आलेले, चांगले पेरभर, आणि मधला सगळा काळा लगदा. फावड्याने काढून पोत्यांत भरला आणि गल्लीच्या तोंडाशी ढिगावर टाकला, प्रत्येकाच्या घरचा होता तिथे. वरून चांगला दिसणारा गहू वाळवून दळावा का, असं सासूबाईंनी एकदा विचारलं. गटाराचं पाणी प्यालेलं धान्य वाळवून चालत नाही. नाही म्हटलं.

तेव्हा तुमचं बरोबर, पण निष्कर्ष तुम्ही भलताच काढलात. बुडला तो एका जागी, तळाला, वर्षभराचा म्हणून ठेवलेला साठा. वरच्या माळ्यावर मुलीने हट्टाने आणून ठेवलेला चुरमुऱ्यांचा डबा, गूळ, शेंगदाणे आणि मेतकुटाची बरणी यांवर आम्ही सहा दिवस काढले. आता आमच्याकडे वर्षाचा गहू येत नाही, दोन महिन्यांचा येतो, आणि कोठी वर आहे. यादीत 'पंधरा दिवसांचं' लिहिलं होतं ते बदलून आधी 'तीन दिवसांचं, हाताशी, उंचावर' असं केलं आहे. ते जमलं की मग पुढचं.

तीन दिवसांचा हिशेब लहान आहे. माणशी रोजचं प्यायला तीन लिटर धरा. चौघांचे छत्तीस. वीस लिटरचे दोन जार झाले की काम झालं असं मी लिहिलं होतं. इथेही चूक. भरलेला जार वीस किलोंचा होतो, तो सासूबाईंच्याने हलत नाही आणि घर सोडायची वेळ आली तर तो कोणाच्याच काखेत जात नाही. हे मला शिकवलं आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींनी. त्या नदीकाठच्या वस्तीत, दोन खोल्यांत, पाच माणसं. तुमचा दोन खोल्यांचा प्रश्न मी त्यांनाच विचारला. हसल्या. 'ताई, आमच्याकडं नळ दिसाआड येतो. आम्ही रोजच भरून ठेवतो.' २०१९ ला त्या आमच्याआधी बाहेर पडल्या, निवारा केंद्रात गेल्या. बरोबर काय नेलं? गोडेतेलाचे पाच लिटरचे रिकामे कॅन धुऊन त्यात पाणी, दोन कॅन, दोन पोरांच्या हातात. फडक्यात ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी. प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड. एवढंच.

म्हणजे साठवायचं शिकायची गरज त्यांना नाहीच. ती आहे तुमच्या-माझ्यासारख्यांना, ज्यांच्या नळाला चोवीस तास पाणी आणि फोनवर दहा मिनिटांत किराणा येतो. यादी मी 'सगळ्यांसाठी' म्हणून छापली होती. तो शब्द काढला आहे. तुमचा हा मुद्दा पूर्ण मान्य.

सरकार देतंच की, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंत. दिलं. पूरग्रस्त कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. पण गव्हाची पोळी व्हायला गिरणी लागते, गिरणीला वीज लागते. तांदूळ शिजवायला गॅस लागतो, धुवायला पाणी लागतं, आणि शिजवलेलं पातेलं घासायला आणखी पाणी. धान्य म्हणजे जेवण नव्हे, हे पुरात जेवढं कळतं तेवढं एरवी नाही. तीन दिवसांसाठी न शिजवता, न धुता खाता येईल असंच ठेवावं : चुरमुरे, फुटाणे, सातूचं पीठ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे. घरात तान्हं बाळ, मधुमेही माणूस, रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर त्यांचं आधी बघायचं, बाकीचं मागाहून.

भडंग मी यादीत फार प्रेमाने लिहिलं होतं. सांगलीकर आहे, लिहिणारच. पण तिखट-मीठ लावलेलं भडंग खाल्लं की तासाभरात तांब्याभर पाणी लागतं, आणि त्या दिवसांत आम्ही पाणी वाटीने मोजत होतो. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी डबा माझ्या हातातून काढून घेतला होता. हे माहीत असूनही यादी करताना विसरले. ओळ खोडली आहे.

राहता राहिली साठेबाजी. २४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि पुढच्या अर्ध्या तासात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानासमोर जे झालं ते तुम्हीही तुमच्या कोपऱ्यावर पाहिलं असेल. एका माणसाने साखरेचं अख्खं पोतं स्कूटरवर पुढे घेतलं होतं. मागच्या बाईंना एक किलो हवी होती. मी खिडकीतून बघत होते, कारण मला त्या रात्री काही आणायचं नव्हतं. दुकान भरलेलं असताना मे महिन्यात दोन किलो जास्तीचे चुरमुरे घेतले तर कोणाच्या तोंडचा घास जात नाही. टंचाई सुरू झाल्यावर घेतले तर जातो. एवढाच माझा फरक. पण मूळ लेखात माझंच एक वाक्य होतं, 'इशारा आला की लगेच भरून घ्या', आणि ते म्हणजे त्या स्कूटरवाल्याला दिलेलं आमंत्रण. तुम्ही नेमकं त्यावरच बोट ठेवलंत. निम्मा मुद्दा म्हटलं तो हा. इशारा आल्यावर भरायचं ते फक्त पाणी, आपल्याच नळाचं : बादल्या, हंडे, कुकर, पातेली, जे रिकामं असेल ते. गच्चीवरच्या टाकीची तोटी बंद करून टाकायची. संडासाला खालचं पुराचं पाणी बादलीने उपसलेलं चालतं.

पाणी ठेवण्याबद्दल दोघा-तिघांनी खाली विचारलंय, तेही इथेच. रंगाचे किंवा रसायनांचे डबे कितीही धुतले तरी नकोत. दुधाचे कॅनही नकोत, दूध सांध्यात राहून जातं. घट्ट झाकणाचं भांडं, उन्हापासून लांब, आणि आत हात नाही घालायचा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं. क्लोरीनच्या गोळ्यांच्या पाकिटावर किती लिटरला एक ते लिहिलेलं असतं, तेवढीच घालायची, अर्धा तास थांबायचं. गढूळ असेल तर आधी गाळायचं, नाहीतर गोळी गाळातच खर्ची पडते.

शेवटी तुम्ही खवचटपणे विचारलं होतंत की आज, आत्ता, तुमच्या स्वतःच्या घरात किती पाणी आहे. मोजून आले. पाच लिटरचे आठ कॅन वरच्या खोलीत पलंगाखाली. त्यातल्या एकाचं झाकण मुलीने सायकलच्या खेळात हरवलंय, तो आत्ताच झाडांना घातला. म्हणजे पस्तीस. एक लिटर कमी पडतंय.