घानाला जाताय? जुनं पिवळं कार्ड फेकू नका

'पीतज्वराच्या लशीचं कार्ड १० वर्षांनी बाद होतं, अक्राच्या विमानतळावरून परत पाठवतात' असा मेसेज फिरतोय. हा नियम कधीकाळी होता, आता नाही. ११ जुलै २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. त्याआधी घेतलेल्या लशीचंसुद्धा. कार्डावर जुनी मुदत छापलेली असली तरी खाडाखोड मात्र करू नका, त्यानेच कार्ड बाद ठरू शकतं.

खरी गफलत वेगळीच होते. पहिल्यांदा लस घेतली की प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, आणि लोक निघायच्या आदल्या आठवड्यात धावतात! कार्ड परतीलाही जवळ ठेवा. ते नसेल तर भारतात उतरल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाला ही लस चालत नाही. गोळ्यांचं डॉक्टरांना वेगळं विचारा.