म्हणे विमानाच्या पुढच्या काचा शोभेच्या!

कोल्हापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक फोटो फिरतोय. कॉकपिटच्या खिडकीतून अर्धा बाहेर आलेला पायलट समोरची काच पुसतोय. खाली मजकूर: "फोटो खोटा आहे. विमानाची खिडकी उघडतच नाही. त्या काचा शोभेच्या, सगळं कॉम्प्युटर करतो. पक्षी धडकला तर चुरा होतो. पायलटला चक्कर येऊ नये म्हणून लहान ठेवतात." चांगलंच ठोकून दिलंय.

आधी "शोभेच्या". पावसाळ्यात ढग खाली आले की उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, न उतरताच विमान परत फिरतं, ते का? ठरलेल्या उंचीपर्यंत येऊनही धावपट्टी किंवा तिचे दिवे डोळ्यांनी दिसले नाहीत, तर पायलटला पुन्हा वर जावंच लागतं. साध्या आयएलएस लँडिंगला, म्हणजे जमिनीवरून येणाऱ्या रेडिओ लहरींच्या मदतीनं उतरताना, ही उंची साधारण 200 फूट. आपोआप उतरणारी विमानं आहेत, पण त्यासाठी विमान, विमानतळ आणि पायलट तिघांनाही वेगळी परवानगी लागते.

"चुरा"? नियम सांगतो की 4 पौंडांचा, म्हणजे 1.8 किलोचा पक्षी भर वेगात आदळला तरी समोरच्या काचेतून आत येता कामा नये. चाचणीला मेलेली कोंबडी हवेच्या तोफेतून काचेवर मारतात. (तांबड्या रश्श्याच्या गावानं हळहळावं असंच.) काचेचे थर, त्यांच्यामध्ये प्लास्टिकचे थर आणि विजेवर तापणारा पातळ लेप, अशी ती काच असते. लेपामुळे बर्फ धरत नाही, हे झालंच. शिवाय गारठलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, उबदार असलं की धक्का पचवतं.

चक्कर वगैरे काही नाही. हवेचा दाब सोसणाऱ्या सांगाड्याला भोक पाडलं की कडा मजबूत कराव्या लागतात, वजन वाढतं, म्हणून काचा लहान.

राहिली खिडकी. एअरबस ए320 आणि बोइंग 737 ला बाजूची खिडकी उघडते. आधी आत येते, मग मागे सरकते. आगबिग लागली तर पायलटनं तिथूनच उतरायचं, त्यासाठी जवळच दोर ठेवलेला असतो. उंचीवर मात्र आतली हवा तिला दर चौरस मीटरला पाच टनांहून जास्त जोरानं चौकटीत दाबून धरते, कुणाच्या हातानं ती हलणार नाही. बोइंग 787 ला अशी खिडकीच नाही, तिथे छताला झडप आहे.

आता कुणीतरी 1990 चं ब्रिटिश एअरवेजचं विमान काढणारच, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला होता ते. ती समोरची काच होती, बाहेरून बसवलेली. फुटली नाही, अख्खी निखळली. नवी बसवताना 90 पैकी 84 बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक लावले होते. कॅप्टन वाचला.