दूध पचत नाही, पण सराफ्यातली रबडी पचते?

चाळिशी ओलांडली की आपल्या इंदूरच्या मराठी घरांत दूध चहापुरतंच उरतं. रामबाग असो की सुदामा नगर, कारणं तीच: पचत नाही, कफ होतो, वजन वाढतं. आणि हीच मंडळी रात्री अकराला सराफ्यातल्या खाऊगल्लीत रबडी खाऊन मजेत घरी येतात!

वयाबरोबर अनेकांच्या आतड्यात लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम, कमी होतं, हे खरंच आहे. मग ही साखर, म्हणजे लॅक्टोज, न पचता मोठ्या आतड्यात जाते. तिथले जिवाणू ती आंबवतात, म्हणून गॅस आणि जुलाब. पण लॅक्टेज कमी होणं म्हणजे शून्य होणं नव्हे. 250 मिली दुधात साधारण 12 ग्रॅम लॅक्टोज असतं, आणि एवढं जेवणाबरोबर बहुतेकांना सोसतं. रबडीत तर लॅक्टोज आटून दाट झालेलं असतं. तरी ती चालते, कारण ती थोडी असते, भरल्या पोटी खाल्लेली असते आणि सायीमुळे जठरातून सावकाश पुढे सरकते. सकाळी अनशापोटी घटाघट प्यायलेला पेला नेमका याच्या उलट वागतो.

म्हणून पुन्हा सुरुवात करायची तर अर्धी वाटी, 60-70 मिली, पोळीभाजीबरोबर घ्या. तीन-चार दिवस त्रास नसेल तर एक वाटी करा. पोट बिघडून गेल्यावर मात्र काही दिवस थांबा. तेव्हा आतड्याचं अस्तर दुखावलेलं असतं आणि एरवी पचणारं दूधही त्रास देतं. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं ही ॲलर्जीची लक्षणं. तिथे हे प्रयोग नकोत, डॉक्टरांकडेच जा.

ज्यांना तेवढंही जमत नाही त्यांनी दही खावं. विरजणातले जिवाणू थोडं लॅक्टोज आधीच खातात, उरलेलं पोटात गेल्यावर पचवायला मदत करतात. कढी उकळली की हे जिवाणू मरतात, तेव्हा ही मदत ताज्या दह्याताकातूनच मिळते. विरजण लावताना दूध बोटाला सोसेल इतपत कोमट असू द्या. कडकडीत दुधात घातलेलं विरजण मरतं आणि मग दोष थंडीला जातो. आणि हो, श्रीखंडाच्या चक्क्यातून गळलेलं पाणी मोरीत ओतू नका! बरंचसं कॅल्शियम त्यातच जातं. कणीक भिजवायला घ्या.

कफाचं म्हणाल तर दूध लाळेत मिसळून घशात दाटसर थर जाणवतो, एवढंच. दुधामुळे कफ जास्त तयार होतो असं तपासण्यांत दिसलेलं नाही. वजनाची भीती असेल तर पिशवीवरचे शब्द वाचा: फुल क्रीममध्ये 6 टक्के स्निग्धांश, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5. कॅल्शियम सायीत फारसं नसतं, त्यामुळे साय काढली तरी ते जवळपास तसंच राहतं. तुपात तर ते जवळपास नसतंच. मुतखडा झालाय म्हणून दूध तोडणं बहुतेकदा उलटं पडतं. बहुतेक खडे ज्यातून बनतात त्या ऑक्झलेटला जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच धरून ठेवतं.

माझ्या मते खरी अडचण पोटापेक्षा वाटपाची आहे. मुलांचा पेला, सासऱ्यांचं रात्रीचं दूध, सगळ्यांचा चहा, आणि उरलं तर विरजण. घरच्या बाईच्या वाट्याला चहातलं दूध, दोन कपांत मिळून फार तर 100 मिली, म्हणजे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम. गरज दिवसाला 1000 ची. बाकीचं नाचणी, तीळ, राजगिरा यांतून थोडं येतं, पण ते रोज ताटात असतं का? तिची हाडं पाळी गेल्यावर भराभर झिजतात, आणि तिलाच आपण "तुला कुठे दूध आवडतं" म्हणून सोडून देतो. हिशेब करताना तिची वाटी आधी बाजूला काढा.

औषधांचं तेवढं सांभाळा. थायरॉइडची गोळी आणि दूध यांत चार तास ठेवा. लोहाची गोळी दुधासोबत नको, काही अँटिबायोटिक्सही नकोत. औषधवाल्याला विचारून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दुधातल्या फॉस्फरसमुळे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं.