“हात पुसा आणि मग फोन वापरा” : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

किनाऱ्यावर कुठला फोन चालतो या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया लांब आहे, तिखट आहे आणि बारकाईने लिहिलेली आहे. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचे आरोप थोडक्यात: मी आयफोन, गॅलेक्सी, वनप्लस आणि मोटोरोला यांची तुलना केली, पण प्रोसेसरचे आकडे नाहीत, गेमचे फ्रेमरेट नाहीत, कॅमेऱ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवलेले नाहीत. त्याऐवजी ओले हात, खारं पाणी आणि ऊन यांवरच सगळा लेख खर्ची घातला. आयफोनचा मला आकस आहे. कोकणी माणूस म्हणजे फक्त मासे पकडणारा, असं मी समजतो. २००८ सालच्या नोकियाची आठवण काढणं हे वय झाल्याचं लक्षण. आणि मग ते वाक्य, ज्याला सगळ्यात जास्त अंगठे मिळाले: “ओल्या हाताने फोन वापरायचाच कशाला? हात पुसा आणि मग वापरा.”

एवढं सुनावून झाल्यावर तुम्ही शेवटी विचारलंय की देवबागला आई घरीच पर्यटकांची राहण्याजेवणाची सोय करते, वडिलांची होडी आहे, आणि पन्नास हजारांत दोघांना दोन फोन घ्यायचेत, तर कुठले घ्यावे. त्याचं उत्तर देणारच आहे. आधी नोकिया.

आयफोन ३जी भारतात अधिकृतपणे विकायला आला ऑगस्ट २००८ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस नोकियाने ५८०० एक्सप्रेसम्युझिक काढला. तुम्हाला हवा तसा तक्ता या दोघांचा मांडून बघा. नोकियाचा कॅमेरा ३.२ मेगापिक्सेलचा, फ्लॅशसकट, व्हिडिओसकट. आयफोनचा २ मेगापिक्सेल, फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही. नोकियात एफएम रेडिओ, मेमरी कार्ड, काढून बदलता येणारी बॅटरी. आयफोनमध्ये यातलं एकही नाही, आणि साधं कॉपी-पेस्ट यायला २००९ उजाडलं. पडद्यावरचे पिक्सेलसुद्धा नोकियाचे जास्त: ६४० बाय ३६०, आयफोनचे ४८० बाय ३२०. किंमत बरीच कमी. तक्त्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत नोकिया पुढे होता. ५८०० खपलाही चांगला. पण त्यानंतर सगळा बाजार ज्या पडद्यामागे गेला तो आयफोनचा, आणि पाच-सहा वर्षांत नोकियाला आपला फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टला विकावा लागला.

फरक बोटाखाली होता. नोकियाच्या पडद्यात दोन पातळ थर असायचे, मध्ये बारीकशी फट. दाबलं की थर एकमेकांना टेकायचे आणि फोनला जागा कळायची. नख चालायचं, काडी चालायची, डब्यात तर त्यासाठी गिटार वाजवायच्या पट्टीसारखा एक त्रिकोणी तुकडाही मिळायचा. पण दाबावं लागायचं. आयफोनच्या काचेखाली विद्युतवाहक थराची अदृश्य जाळी आणि तिच्याभोवती अगदी क्षीण विद्युतक्षेत्र. बोट हे वाहक. ते नुसतं टेकलं की तिथला थोडासा विद्युतभार ओढला जातो आणि आतली चिप तेवढा फरक मोजते. म्हणून हलक्या बोटाने यादी सरसर सरकते, दोन बोटांनी फोटो मोठा होतो. लोकांना हे हवं होतं, आणि ते तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.

आता यातली मेख. बोट वाहक, तसं पाणीही वाहक, आणि खारं पाणी तर गोड्यापेक्षा कितीतरी जास्त. काचेवरचा समुद्राच्या पाण्याचा ओघळ त्या चिपला बोटासारखा दिसू शकतो. मग न दाबलेली बटणं दाबली जातात, दाबलेली लागत नाहीत, आणि नंबर एकाचा लावावा तर दुसऱ्यालाच लागतो. मालवण बंदरावरच्या एका तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, याचा निकाल एका वाक्यात लावला होता: “फोन बरो आसा ओ, पण ओल्या हाताक आयकणा नाय.” नोकियाचा दाबायचा पडदा त्याच्या ओल्या हाताला ऐकायचा. नवी पद्धत जिंकली ते योग्यच झालं, मला तो जुना पडदा परत नकोय. पण आज तुम्ही दहा हजारांचा फोन घ्या नाहीतर दीड लाखाचा, पडद्याची मूळ रीत तीच आहे. प्रतिस्पर्धी फोन वेगळे ठरतात ते थेंब कुठला आणि बोट कुठलं हे त्यांच्या चिपला किती नीट ओळखता येतं यावर. वनप्लसने १२ या मॉडेलबरोबर २०२४ मध्ये ‘अ‍ॅक्वा टच’ नावाने नेमकं हेच विकायला काढलं. ही गोष्ट तपासायची तर पडदा ओला करूनच तपासावी लागते. मी तेच केलं. तुम्ही त्याला “पाणी शिंपडण्याचे खेळ” म्हणालात, हरकत नाही.

आणि हात पुसा म्हणजे कशाला पुसा? होडीत अंगावरचा प्रत्येक कपडा खाऱ्या पाण्याने भिजलेला असतो. किनाऱ्यावर पंचा कोरडा असला तरी त्यात वाळू असते, आणि वाळूतला क्वार्ट्झ फोनच्या काचेला ओरखडे काढण्याइतका कठीण असतो. त्या पंचाने पडदा पुसत राहिलात तर पावसाळ्याआधी काच धुरकट होईल. बरं, समुद्र सोडा. मे महिन्यात मालवणच्या तिठ्यावर उभं राहून हात पुसा आणि किती वेळ कोरडा राहतो ते बघा. घामसुद्धा खारं पाणीच. पुण्याहून सुट्टीत येता तेव्हा एसटीतून उतरताना तुमचाही फोन एकदा तरी अडला असेल, खरं सांगा. जूनपासून पुढे तर विचारायलाच नको. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात कोरडा हात ही चैन आहे.

म्हणूनच “फक्त मच्छीमारांचा विचार” हा आरोप मला लागू होत नाही. काजूच्या कारखान्यात टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी सोलवटते, चिरेखाणीत बोटांवरच्या रेषा झिजतात. या माणसांना बोटाच्या ठशाने फोन उघडून दाखवा म्हणावं. पडद्याखालचे ठसे वाचणारे सेन्सर दोन प्रकारचे असतात. एक प्रकाश टाकून बोटाचं चित्र काढतो, दुसरा ध्वनिलहरी वापरतो. दुसरा ओल्या बोटाला जास्त सोसतो. सॅमसंगने तो गॅलेक्सी एस१० मध्ये २०१९ ला आणला, पण स्वस्त फोनांत तो सहसा नसतो. परिणाम असा की आमच्याकडे अजून नऊ टिंबांचा पॅटर्नच राज्य करतो. मासळी बाजारातल्या बायकांना काय हवंय ते तर त्यांनी स्वतःच दाखवून दिलंय. समोर क्यूआर कोड, बाजूला साउंडबॉक्स. पैसे आले की तो मराठीत ओरडतो. सुरमई कापता कापता व्यवहार पूर्ण, फोन पिशवीतच.

फोनवाल्यांनीही स्पर्शाशिवाय काम करायच्या सोयी दिल्या आहेत, पण जाहिरातीत त्यांना जागा मिळत नाही. मोटोरोलाचा फोन हातात धरून कोयता चालवल्यासारखा दोनदा झटकला की टॉर्च लागतो. वीज गेलेल्या घरात, भिजलेल्या हातात, ही सोय मला कुठल्याही जास्तीच्या कॅमेऱ्यापेक्षा मोलाची वाटते. आयफोनमध्ये २०२० पासून फोनच्या पाठीवर दोनदा टिचकी मारून ठरवलेलं काम करून घेता येतं. गूगलने मराठीत बोलून लिहायची सोय २०१७ मध्ये दिली, ती तर आता आजीसुद्धा वापरते. मालवणीत बोललं की मात्र काय उमटेल याचा नेम नाही, आणि ते वाचण्यासाठी मी मुद्दाम मालवणीत बोलतो.

आता रीलवाल्या पोरांकडे वळू, कारण ती तुमच्या प्रतिक्रियेत आहेत आणि त्यांच्याबद्दल मी मूळ लेखात थोडकंच लिहिलं होतं. तारकर्लीच्या पाण्यात फोन घेऊन उतरणारे दर मोसमात दिसतात. “आयपी६८ आहे, काय होत नाय.” आयपी६८ हा फोन धूळ आणि पाणी किती अडवतो याचा दर्जा. यातला ८ म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त खोल, पण किती खोल आणि किती वेळ ते कंपनीने स्वतः सांगायचं. सॅमसंग सहसा दीड मीटर, अर्धा तास सांगते. आयफोन १५ साठी अॅपल सहा मीटर, अर्धा तास सांगते. दोन्ही आकडे शांत, गोड्या पाण्यातले. लाटेचा मारा त्यात धरलेला नाही, मीठही नाही. फोन जुना झाला की आतली रबरी सीलं ढिली पडतात, आणि पाणी शिरून बिघडलेला फोन वॉरंटीत बसत नाही. म्हणून मी आयपी६८ चे गुण देतो ते पाण्यात चुकून पडल्यावर वाचण्याचे, पोहायचे नाही.

फोन समुद्रात पडलाच तर आधी बंद करा, गोड्या पाण्याने हलकेच धुवा, सावलीत वाळू द्या. आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जरची पिन लावू नका, हे सगळ्यात महत्त्वाचं. खारं पाणी आणि वीज एकत्र आले की पिनेवरचा धातू झपाट्याने खातात, आणि “पाण्यात पडूनसुद्धा चालू होता, दोन दिवसांनी मेला” या तक्रारींमागे बहुधा हेच असतं. इथे बिनतारी चार्जिंगवाल्या फोनला सरळ फायदा मिळतो, आणि तो मी आयफोनला दिला होता. तुम्ही त्या परिच्छेदावरून उडी मारलेली दिसते.

तर आकसाबद्दल. आयफोनचं व्हिडिओ चित्रण उत्तम आहे, फोन वर्षानुवर्षं अद्ययावत राहतो, हे मी लिहिलंच होतं. हा दुसरा मुद्दा आता फक्त त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही, गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलंय. मी आयफोनला खाली ठेवलं ते दोन कारणांनी. एक म्हणजे ऊन. अॅपल स्वतः सांगते की फोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा. एप्रिल-मेमध्ये आमचा पारा त्या रेषेवरच खेळतो, आणि उन्हात ठेवलेला फोन तर केव्हाच ती ओलांडतो. मग पडदा आपोआप मंद होतो, नेमका जेव्हा तो उजळ हवा तेव्हा. हे इतर फोनांतही होतं, म्हणून पडद्याच्या उजेडाचे जाहिरातीतले आकडे मी बाजूला ठेवले. वनप्लस १२ ची जाहिरात ४,५०० निट्सची होती (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप). तो आकडा पडद्याच्या छोट्याशा भागापुरता, ठरावीक व्हिडिओतला. उन्हात अख्खा पडदा देतो तो १,६०० च्या आसपास. तोही चांगलाच आहे, पण मग तोच छापा ना.

दुसरं कारण सिमचं. इथे मिळणाऱ्या आयफोनमध्ये फार तर एकच कार्ड बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, काढता न येणारं सिम. शहरात काही बिघडत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत गेलं तेव्हा गावंच्या गावं अंधारात होती. अशा वेळी स्वतःचा फोन भिजला किंवा बॅटरी संपली तर प्लास्टिकचं सिम काढून शेजाऱ्याच्या फोनमध्ये घालता येतं. ई-सिम दुसऱ्या फोनवर न्यायचं तर इंटरनेट लागतं, आणि तेच तर गेलेलं असतं. त्याआधीच्या वर्षी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोली-श्रीवर्धन पट्ट्याचं काय केलं ते आठवा. याला आकस म्हणायचं असेल तर म्हणा.

प्रोसेसरचे आकडे आणि गेम यांवर माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे खंडीभर आहेत, ते वाचा. कॅमेऱ्यांची तुलना मात्र मलाही करायची आहे, पण घरी पर्यटक ठेवणाऱ्याला लहान खोली मोठी दाखवता येते का, आणि आंबेवाल्याला पेटीतल्या हापूसचा खरा रंग पाठवता येतो का, या अंगाने. ती पुढच्या लेखात.

आता तुमची खरेदी. वडिलांसाठी सॅमसंगचा एक्सकव्हर ७ शोधा. तो भारतात २०२४ मध्ये आला, सुरुवातीची किंमत सत्तावीस हजारांच्या घरात होती, आणि कंपन्यांना विकण्यासाठी काढल्यामुळे कोपऱ्यावरच्या दुकानात दिसत नाही, ऑनलाइन बघावा लागेल. आयपी६८, बॅटरी काढता येते, पडद्याची संवेदनशीलता हातमोज्यांपुरती वाढवता येते, आणि बाजूला आपण काम ठरवून देऊ शकतो असं एक खरंखुरं बटण आहे. कॅमेरा बेताचाच. वडिलांचा जुना बटणांचा फोन असेल तर तो फेकू नका, प्लास्टिकच्या डब्यात घालून होडीत राहू दे. किनारा दूर गेला की रेंज कुठल्याच फोनला नसते, तिथे व्हीएचएफ रेडिओ किंवा सरकार बसवून देतंय तो उपग्रहामार्फत संदेश पाठवणारा ट्रान्सपॉन्डरच कामाचा.

आईंसाठी मोटोरोलाच्या एज मालिकेतला, आयपी६८ असलेला फोन बघा. बुकिंगचे मेसेज, खोल्यांचे फोटो, नारळ खवता खवता बोलून उत्तर, सगळं निभेल. घेण्याआधी दुकानात बोट ओलं करून पडद्यावर एक पूर्ण नंबर लावून बघा, आणि फोन हातात घेऊन बाहेर उन्हात या. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. दोन सिमं दोन वेगळ्या कंपन्यांची घ्या. देवबागच्या टोकाला, कर्ली खाडी समुद्राला मिळते तिथे, कुणाची रेंज येते ते शेजाऱ्यांना विचारून मगच ठरवा.